सहा की बारा, नऊ की अकरा

२ नोव्हेंबर, रविवार. सकाळी ११.

आजपासून रोजनिशी लिहिणार. काम पद्धतशीर झालं नाही असं उद्या कोणी म्हणायला नको.

धाकट्या बहिणीचा फोन झाला. विषय बाबांची जीप. मागच्या अंगणातल्या शेडमध्ये ती वीस वर्षं उभी आहे. बाबांची नजर अधू झाली तेव्हा त्यांनी ती तिथे लावली, ती लावलीच. बाबांना जाऊन आता दीड वर्ष होईल. धाकटी म्हणाली, दादा, छप्पर गळतंय, गाडी सडतेय, मी माझ्याकडे नेते आणि रस्त्यावर आणते. मी म्हटलं, थोरला मी आहे. बाबांची गाडी इथून हलणार नाही.

ती म्हणाली, ठीक आहे, मला फक्त दोन गोष्टी सांग. गाडीची इलेक्ट्रिक सिस्टिम सहा व्होल्टची की बारा? आणि ब्रेकचे ड्रम किती इंची, नऊ, दहा की अकरा? म्हणे, असल्या जुन्या जीपांत सगळे प्रकार येतात आणि हे कळल्याशिवाय एक पार्ट मागवता येत नाही. तीस तारखेपर्यंत बरोबर सांगितलंस तर गाडी तुझी, मी सुट्टी काढून तिथे येऊन दुरुस्त करून देईन. नाही सांगता आलं तर टेम्पो घेऊन येते आणि गाडी नेते.

मला हसूच आलं. बाबांचा उजवा हात कोण होता? दर रविवारी शेडमध्ये बाबांबरोबर कोण उभं असायचं? धाकटीही असायची म्हणा, पण ती कायम गाडीखाली लोळत असायची. लहान मुलांना काय, लोळायला जागा हवी.

शिवाय मी एकतीस वर्षं वजनमापे खात्यात निरीक्षक होतो. मोजमाप हा माझा प्रांत. धाकटी पंपांच्या कारखान्यात देखभाल विभाग बघते. पंप वेगळे आणि जीप वेगळी.

प्लॅन: सोमवारी व्होल्ट. मंगळवारी ब्रेक. बुधवारी धाकटीला फोन. उरलेले पंचवीस दिवस आराम.

३ नोव्हेंबर, सोमवार.

बॉनेट उघडायला चाळीस मिनिटं लागली. गंज फार. बायको चहा घेऊन आली, तिने दोन्ही बाजूंचे खटके वर केले आणि बॉनेट उघडलं. ती यायच्या आधी मी ते बरंच सैल करत आणलं होतं.

जुनी बॅटरी जागेवर आहे. पांढरं काहीतरी साचलंय. वर तीन झाकणं. गाडीच्या बॅटरीला सहा झाकणं असतात हे कोणालाही माहीत आहे, म्हणजे तीन हरवली. उंदीर नेतात. ही म्हणाली, हरवली असती तर भोकं दिसली असती. मी म्हटलं, वीस वर्षांत बुजतात. ही कप घेऊन आत गेली.

निष्कर्ष: बारा व्होल्ट. पहिलं काम वेळेत पूर्ण.

४ नोव्हेंबर, मंगळवार.

कंबर धरली आहे. ब्रेक उद्या.

५ नोव्हेंबर, बुधवार.

कंबर. धाकटीला फोन करायचा दिवस होता, पण अर्धवट माहिती देणं माझ्या स्वभावात नाही.

७ नोव्हेंबर, शुक्रवार.

कंबर सुटली. नाक्यावरच्या बॅटरीवाल्याकडे गेलो. हा माणूस बोलतो कमी आणि बघतो जास्त. त्याने विचारलं, जुन्या बॅटरीला झाकणं किती? मी म्हटलं, सहा. (हरवलेली धरून.) तो म्हणाला, एका झाकणाखाली दोन व्होल्ट, सहा झाकणं म्हणजे बारा. माझं उत्तर आणि त्याचं उत्तर तंतोतंत जुळलं! याला म्हणतात पडताळणी. तीनच झाकणं असती तर, असं काहीतरी तो पुढे बोलत होता, पण मला उशीर होत होता.

बारा व्होल्टची नवी बॅटरी आणली. उद्या प्रात्यक्षिक.

८ नोव्हेंबर, शनिवार. दुपारी ४.

आधी यश नोंदवतो. दिवे लागले! वीस वर्षांनी! आणि काय लागले! सगळी शेड पांढरीफटक झाली. ही स्वयंपाकघरातून डोळ्यांवर हात धरून बाहेर आली. बाबांच्या काळात या दिव्यांचा एवढा उजेड कधीच पडला नव्हता. त्यांचे दिवे पिवळे, मरगळलेले असायचे. बाबांनी बहुतेक आयुष्यभर चुकीची बॅटरी वापरली. थोर माणसांच्याही नजरेतून गोष्टी सुटतात.

उजेड चार सेकंद टिकला. मग सगळे दिवे एकदम गेले.

त्यानंतर हॉर्न तपासला. हॉर्न वाजला. नंतर तो वाजतच राहिला. बटणावरून हात काढला तरी वाजत राहिला. मी दोन्ही कान झाकून तांत्रिक विचार करत होतो, तेवढ्यात हिने फडक्यात धरून बॅटरीची वायर ओढून काढली. शेजारपाजारचे कुंपणावरून बघत होते. मी सगळ्यांना हात केला.

जळालेला बल्ब काढून बघितला. बुडावर बारीक अक्षरात ६ असा आकडा आहे. बॅच नंबर असावा.

१० नोव्हेंबर, सोमवार.

व्होल्टचा विषय माझ्या दृष्टीने संपला आहे. आता ब्रेक.

ब्रेकचा ड्रम चाकाच्या आत असतो, तेव्हा आधी चाक काढायचं. पुढचं डावं चाक निवडलं, कारण त्या बाजूला सावली असते. पाच नट. पाना लावला आणि जोर केला. सगळ्या जगात नट ज्या दिशेने सैल होतात त्याच दिशेने. ढिम्म हलले नाहीत.

पण हरकत नाही. मीही ढिम्म माणूस आहे.

११ नोव्हेंबर, मंगळवार.

पान्याला लांब पाइप जोडला. त्यावर उभा राहिलो. एक नट पाव फेरा हलला! हलला म्हणजे निघणारच. ही दारातून म्हणाली, पंक्चरवाल्याला बोलवू का. मी म्हटलं, घरातलं काम घरात.

१३ नोव्हेंबर, गुरुवार.

आज मोठी प्रगती. एक नट निघाला. मोठा आवाज झाला आणि तो बोल्टाच्या तुकड्यासकट हातात आला. पाचातला एक पूर्ण. या वेगाने अजून बारा दिवस लागतील, म्हणजे पंचवीस तारखेला चाक बाहेर. डेडलाइनच्या आत आहे.

१५ नोव्हेंबर, शनिवार.

पंक्चरवाला आला. मी बोलावला नव्हता. हिनेही बोलावला नाही, असं ती म्हणते.

तो उकिडवा बसला, नटांकडे बघितलं आणि मला विचारलं, साहेब, किती दिवस आवळताय? मी म्हटलं, सोडवतोय. तो म्हणाला, या जुन्या गाड्यांत डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलटे फिरतात, चालता चालता सुटू नयेत म्हणून. बोल्टाच्या डोक्यावर तशी खूण कोरलेली असते, ही बघा. मग त्याने सगळ्या जगाच्या उलट दिशेला पाना फिरवला आणि चारही नट चार मिनिटांत काढून माझ्या तळहातावर ठेवले.

पाच दिवसांच्या माझ्या श्रमांनी ते मुळातून हललेले होते. आयत्या वेळी येऊन श्रेय घेणारे ऑफिसातही असत.

१६ नोव्हेंबर, रविवार. दुपारी.

आज काम नाही. जीपमध्ये जाऊन बसलो. पेपर आणि चहा घेऊन मी इथे बसतोच रोज, जेवणानंतर तासभर. ही म्हणते, घरात तीन खुर्च्या आहेत. पण ड्रायव्हरच्या सीटला बाबांच्या बसण्याने पडलेला खळगा आहे, तो मला बरोबर होतो. गाडी गेली तर बसायचं कुठे हाही प्रश्न आहेच, अगदी व्यावहारिक.

बाबा आणि मी इथे किती रविवार काढले. नट आवळताना बाबा जिभेचं टोक ओठांच्या डाव्या कोपऱ्यात धरत. कानाखाली तीळ होता, त्याला नेहमी ग्रीस लागायचं. नट बसला की भुवया वर जायच्या, आधी एक, मग दुसरी. सगळं लख्ख आठवतं. एवढं बारीक निरीक्षण असलेल्या माणसाला धाकटी दोन आकडे विचारते!

माझ्याकडे त्या वेळी कामाची नेमकी कोणती जबाबदारी होती हेही नोंदवून ठेवावं. मी मुख्यतः प्रकाशाची बाजू सांभाळायचो.

१८ नोव्हेंबर, मंगळवार.

ब्रेकचं माप घेतलं. ड्रम चाकामागे थाळीसारखा दिसतो. हिचा शिवणाचा टेप आणला आणि या कडेपासून त्या कडेपर्यंत धरला. अकराला जरासं कमी. म्हणजे अकरा. काम फत्ते. ताबडतोब धाकटीला फोन लावला.

ती म्हणाली, आतून मोजलंस ना? मी म्हटलं, म्हणजे काय. ती म्हणाली, नाही, काही लोक बाहेरून मोजतात, मागची पत्र्याची थाळीसुद्धा धरतात, म्हणून विचारलं. ड्रम काढायचा, उलटा करायचा आणि आतून मोजायचा, ब्रेकचे शू जिथे घासतात तिथे. मी म्हटलं, मला शिकवतेस? ती म्हणाली, नाही रे दादा. आणि मग उगाचच म्हणाली, अजून बारा दिवस आहेत, घाई करू नकोस.

तिच्या आवाजात मला थोडी काळजी जाणवली. हरण्याची असणार.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार.

ड्रम निघेना. तीन दिवस त्याच्याशी बोलणी चालू होती. आज पंक्चरवाला सहज या बाजूने जात होता (हल्ली तो फार सहज जातो), त्याने लाकडी हातोड्याने चारी बाजूंनी टकटक केलं आणि ड्रम त्याच्या मांडीवर आला.

टेप आतून लावला. तेवीस.

पुन्हा लावला. तेवीस. अजिबात शंका नाही. तेवीस इंची ब्रेक! धाकटीच्या नऊ-दहा-अकराच्या यादीत हा नाहीच. म्हणजे गाडी साधी नाही. रणगाडे वगैरे ओढण्यासाठी बनवलेली असणार. धाकटीला तिच्या कारखान्यात फोन करून सांगितलं. पलीकडे मशीनचा आवाज येत होता, तिचा येत नव्हता. शेवटी तिने विचारलं, टेप कुठला वापरलास? मी म्हटलं, वहिनीचा, शिवणाचा. ती म्हणाली, बरं. आणि म्हणाली, दादा, एकदा अजून मोज. मशीनजवळून लांब जाऊन हे मात्र तिने फार हळू सांगितलं.

रात्री जेवताना लक्षात आलं की चाक सोळा इंची आहे. त्याच्या आतला ब्रेक तेवीस इंची. विचार करण्यासारखी गोष्ट आहे.

२२ नोव्हेंबर, शनिवार.

सकाळी टेबलावर हिचा टेप पालथा करून ठेवलेला होता. ही बोलली असती तर बरं झालं असतं.

टेप दोन्ही बाजूंनी छापलेला असतो. एकीकडे इंच, दुसरीकडे सेंटिमीटर. ही बाब विक्रेत्याने ग्राहकाला ठळकपणे सांगायला हवी होती. नोकरीत असतो तर खटला भरला असता.

इथे कोणी वाचणार नाही म्हणून लिहितो. नोकरीत मोजायचं काम शिपायाचं होतं. तो आकडा सांगायचा, मी सही करायचो. तो मोजायचा छान. त्याला मी कधी तसं म्हटलं नाही.

२४ नोव्हेंबर, सोमवार.

इंचाच्या बाजूने मोजलं. नऊला केसभर जास्त.

आता अडचण अशी. बाहेरून अकरा, आतून नऊ. दोन्ही मापं मी स्वतः घेतलेली, दोन्ही विश्वसनीय. कोणा एकाला खोटं पाडणं बरोबर नाही. सरासरी काढली. दहा. शिवाय दहा धाकटीच्या यादीत बरोबर मधोमध आहे. निसर्गालाही मध्य आवडतो.

ही म्हणाली, अहो, ताईंनी आतून मोजा म्हणून सांगितलं होतं ना? मी म्हटलं, म्हणूनच आतलंही धरलंय.

२५ नोव्हेंबर, मंगळवार.

व्होल्टबद्दल मनात कसली शंका नाही. फक्त जुनी बॅटरी बाहेर काढून एकदा पुसून बघितली. फडकं ओलं करून. तीन झाकणं. मध्ये कुठेही बुजलेलं भोक नाही. बाजूने, खालून, सगळीकडून बघितली.

उंदीर झाकणं नेतील. भोकं कशी नेतील?

पण आता बदल करणं शक्य नाही. बारा हा आकडा मी सगळ्यांना सांगितलेला आहे. बॅटरीवाल्याला, पंक्चरवाल्याला, कुंपणावरच्या शेजाऱ्यांना. माणसाने एका शब्दावर राहावं.

२७ नोव्हेंबर, गुरुवार.

दुपारी जीपमध्ये बसून नुसतं आठवत राहिलो. बाबा कधीतरी बोलले असतील. सहाची बॅटरी आण, किंवा बाराचा बल्ब दे. बोललेच असतील, दर रविवारी काही ना काही चालू असायचं. डोळे मिटून बसलो. जीभ ओठाच्या कोपऱ्यात. तीळ, त्यावर ग्रीस. भुवई एक, मग दुसरी. आवाजही येतो. उजेड कामावर धर. उजेड कामावर धर रे. बाकी काही येत नाही.

स्मरणशक्तीत दोष नाही. फक्त आकडे तेवढे त्यात नाहीत.

गाडी जायला नको आहे. एवढंच.

२९ नोव्हेंबर, शनिवार.

अहवाल तयार केला. दोन पानी, टाइप करून, खाली सही आणि कार्यालयाचा जुना शिक्का. (निवृत्तीच्या दिवशी शिक्का खिशात राहून गेला होता. चुकून.) विद्युत यंत्रणा: बारा व्होल्ट. ब्रेक: दहा इंच, सरासरीने. अहवाल दिसायला इतका चांगला झालाय की तो बरोबर असणारच.

हिने वाचला. म्हणाली, स्वच्छ टाइप केलंय. आणि मग बराच वेळ माझ्या शर्टाचं तुटलेलं बटण लावत बसली. शर्ट मी अंगात घातलेलाच होता.

३० नोव्हेंबर, रविवार. संध्याकाळी ७.

धाकटी सकाळी नऊला आली. मागे टेम्पो. टेम्पो बघून मी म्हटलं, फुकट आणलास. ती म्हणाली, फुकट गेला तर सर्वात जास्त आनंद मला होईल.

अहवाल दिला. दोन्ही पानं उभ्यानेच वाचली. मला वाटलं हसेल. हसली नाही. शेवटच्या ओळीपर्यंत वाचून नीट घडी घातली आणि पर्समध्ये ठेवली. मग टेम्पोतून एक खोकं उतरवलं आणि माझ्यासमोर उघडलं. आत एक बॅटरी होती, वर तीन झाकणं. सहा बल्ब होते, बुडावर ६ लिहिलेले. आणि ब्रेकच्या शूंचा नवा सेट, नऊ इंची. बिलावर तारीख तीन नोव्हेंबर.

मी विचारलं, म्हणजे तुला माहीत होतं? ती म्हणाली, दादा, बारा वर्षांची होते तेव्हापासून माहीत आहे. मी चिडलो. तोंडाला येईल ते बोललो. माहीत होतं तर विचारलंस कशाला, मला तोंडघशी पाडायला? ती म्हणाली, गाडी इथेच राहावी म्हणून. तू तिच्यात बसतोस हे वहिनी सांगते मला. पण तशीच ठेवली तर छप्पर पडून मरेल. वाटलं, या निमित्ताने तू तिला हात तरी लावशील. झाकणं तीन आहेत ती मोजायची होती रे फक्त. मी सोपेच प्रश्न काढले होते.

ही मान खाली घालून पंक्चरवाल्याला चहा देत होती. (तो आजही सहजच आला होता.)

मग धाकटी ओढणी कमरेला बांधून कामाला लागली. नवी बॅटरी बसवली. वायरी बघायला डॅशबोर्डखाली उताणी झोपली. शेडमध्ये दिवसाही अंधारच असतो. मी बाजूला उभा होतो, एखाद्या पाहुण्यासारखा. ही आत गेली आणि कपाटातला बाबांचा लांब स्टीलचा टॉर्च आणून तिने माझ्या हातात दिला. कोणी सांगितलं नव्हतं. सेलही तिनेच घातलेले.

मी टॉर्च धरला. दोन मिनिटांनी धाकटी खालून म्हणाली, दादा, तोंडावर नको, कामावर. मी सॉरी म्हटलं आणि उजेड हलवला. थोड्या वेळाने पुन्हा तेच. मग ती खालीच पडल्या पडल्या हसायला लागली. म्हणाली, बाबा शेवटच्या आजारपणातसुद्धा ही गोष्ट सांगायचे. म्हणायचे, थोरल्याचा उजेड नटावर एकदाही पडला नाही. मी म्हणतोय नट बघ, आणि हा माझ्या तोंडाकडे बघत उभा. तुला कितीदा ओरडले, पण टॉर्च कधी दुसऱ्या कोणाला देऊ दिला नाही त्यांनी. मी मागायचे. बाबा म्हणायचे, राहू दे, त्याला धरू दे.

मी टॉर्च दोन्ही हातांनी धरला. डोळ्यांत पाणी आलं. गंजाची धूळ वगैरे काही नव्हती. मला सहा की बारा हे माहीत असणार कसं? मी गाडीकडे कधी बघितलंच नव्हतं.

साडेअकराला धाकटीने बटण फिरवलं. दिवे लागले. पिवळे, मंद. अगदी तेच. बाबा गाडी घेऊन फाटकातून आत वळायचे तेव्हा भिंतीवर पडायचा तो उजेड.

धाकटी दिवे बघत उभी राहिली आणि म्हणाली, दादा, पाहिजे तर ठेव गाडी. टेम्पो परत पाठवते. मी म्हटलं, नाही. शब्द म्हणजे शब्द. ने. इथे माझ्या हाती राहिली तर हेही बल्ब जातील. हे वाक्य मी बोललो याला तीन साक्षीदार आहेत, म्हणून लिहून ठेवतो.

पंक्चरवाल्याने काढलेलं चाक बसवून चारही चाकांत हवा भरली. डाव्या चाकाला एक बोल्ट कमी आहे म्हणून धाकटीने विचारलं. पंक्चरवाला माझ्याकडे न बघता म्हणाला, गंज होता, ताई. भला माणूस आहे.

दोनला जीप घेऊन टेम्पो गेला. वाईट वाटलं. खूप वाटलं.

१ डिसेंबर, सोमवार.

जेवणानंतर सवयीने पेपर आणि चहा घेऊन शेडमध्ये गेलो. जमिनीवर तेलाचा डाग आणि चार चाकांच्या चार खुणा. उभ्याने पेपर वाचला. ही आतून एक खुर्ची घेऊन आली आणि बरोबर ड्रायव्हरच्या जागी ठेवून गेली. खळगा नाही तिला. पडेल.

४ डिसेंबर, गुरुवार.

धाकटीचा फोन. येत्या रविवारी मागची चाकं आणि ब्रेक उघडणार आहे. ये म्हणाली. येताना बाबांचा टॉर्च आण.

शेवटी अडलंच माझ्यावाचून. एवढा कारखाना सांभाळते, पण जुन्या गाडीला अनुभवी माणूस लागतो. रविवारचा प्लॅन केला. सहाची बस. सोबत डबा, जुने कपडे, वही. तिथल्या कामाचं नियोजन मीच करून देईन.

टॉर्च त्या दिवशी शेवटी शेवटी मंद झाला होता, म्हणून संध्याकाळी नवे सेल आणायला गेलो. दुकानदाराने विचारलं, किती सेलचा आहे? वयाच्या आठव्या वर्षापासून माझ्या हातात असलेली वस्तू. उघडून बघायची गरजच नव्हती. ठामपणे दोन सांगितले.

तीन लागतात.